कार्तिकव्रत, आहार आणि मनाचा ताण : पाहणीतून कारण कसे शोधावे?

वाराणसीच्या पंचगंगा घाटावर शरद पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेच्या स्नानासाठी भाविकांची दाटी असते. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्या येथे एकत्र येतात, अशी परंपरागत श्रद्धा आहे. सायंकाळी उंच बांबूंवर टांगलेल्या टोपल्यांतून आकाशदीप उजळतात. अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेली हजार दिव्यांची दगडी दीपमाळ याच घाटावर उभी आहे. महिनाभर येथे येणाऱ्यांपैकी अनेकजण दिवसातून एकदाच जेवतात, कांदा-लसूण वर्ज्य करतात आणि ठरलेल्या वेळीच अन्न घेतात. घाटावर बसलेल्या एखाद्या वृद्धेला विचारले, तर ‘या महिन्यात मन शांत असते’ असे ती सहज सांगेल.

या साध्या अनुभवातून एक शास्त्रीय प्रश्न उभा राहतो. आहारावरील संयमामुळे मनाचा ताण कमी होतो का? आणि तो होतो असे एखाद्या पाहणीच्या आधारे ठामपणे म्हणता येईल का? आहार आणि ताण यांविषयीच्या पाहण्या आज मोठ्या संख्येने होतात. त्यांचे निष्कर्ष वृत्तपत्रांत येतात, आरोग्य मोहिमांत उतरतात आणि स्पर्धा परीक्षांच्या उत्तरपत्रिकांतही डोकावतात. म्हणूनच पाहणी काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे समजून घेणे आवश्यक आहे.

एक कल्पित पाहणी

समजा, कार्तिक महिन्यात एका अभ्यासगटाने वाराणसीत ४०० व्यक्तींची पाहणी केली. त्यांपैकी २०० व्यक्ती पंचगंगा घाटावर नित्य स्नानाला येणाऱ्या व एकभुक्त राहणाऱ्या व्रती होत्या. उरलेल्या २०० व्यक्ती शहराच्या इतर भागांतील आणि व्रत न पाळणाऱ्या होत्या. सर्वांना ताण मोजणारी एकच प्रश्नावली दिली गेली. व्रतींपैकी ५० जणांत, म्हणजे २५ टक्के व्यक्तींत, तीव्र ताण आढळला. इतरांपैकी ८० जणांत, म्हणजे ४० टक्के व्यक्तींत, तो आढळला. येथील सर्व आकडे कल्पित असून केवळ स्पष्टीकरणासाठी घेतले आहेत.

फरक १५ टक्के अंकांचा, म्हणजे लक्षणीय आहे. ‘कार्तिकव्रताने ताण घटतो’ असा मथळा देण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु या पाहणीने सिद्ध केलेली गोष्ट इतकीच आहे की, व्रत पाळणाऱ्यांच्या गटात ताणाचे प्रमाण कमी आढळले. दोन गोष्टी एकत्र आढळणे याला सहसंबंध म्हणतात. एका गोष्टीमुळे दुसरी घडणे याला कार्यकारणभाव म्हणतात. सहसंबंधाकडून कार्यकारणभावाकडे जाण्यापूर्वी इतर पर्यायी स्पष्टीकरणे तपासून बाजूला सारावी लागतात.

तिसऱ्या घटकाचा प्रभाव

पहिले पर्यायी स्पष्टीकरण म्हणजे दोन्ही गोष्टींवर परिणाम करणारा तिसरा घटक. वरील उदाहरणात वयाचा विचार केला तर चित्र कसे पालटते, ते पाहावे. २०० व्रतींपैकी १६० जण साठी ओलांडलेले आणि ४० जण त्याहून तरुण होते, असे मानू. इतर २०० जणांत हे प्रमाण नेमके उलट, म्हणजे ४० वृद्ध आणि १६० तरुण होते. तसेच वृद्धांमध्ये तीव्र ताणाचे प्रमाण २० टक्के आणि तरुणांमध्ये ४५ टक्के असून, व्रत पाळणे वा न पाळणे याचा त्यावर काहीही परिणाम नाही, असेही मानू.

आता हिशेब करावा. व्रतींमध्ये १६० वृद्धांपैकी ३२ आणि ४० तरुणांपैकी १८, असे मिळून ५० जण तणावग्रस्त ठरतात. इतरांमध्ये ४० वृद्धांपैकी ८ आणि १६० तरुणांपैकी ७२, असे मिळून ८० जण तणावग्रस्त ठरतात. म्हणजे व्रताचा कोणताही परिणाम नसतानाही २५ आणि ४० टक्के हे आकडे तंतोतंत मिळतात. सबंध फरक वयामुळे निर्माण झाला. वृद्धांची तुलना वृद्धांशी आणि तरुणांची तरुणांशी करताच तो नाहीसा होतो.

या पद्धतीला स्तरनिहाय तुलना म्हणतात. प्रत्यक्षात वयाबरोबरच उत्पन्न, नोकरीतील असुरक्षितता, कौटुंबिक आधार, झोप आणि आजारपण असे अनेक घटक विचारात घ्यावे लागतात. संख्याशास्त्रीय तंत्रांनी त्यांचा प्रभाव वेगळा करता येतो. मात्र हे फक्त मोजलेल्या घटकांपुरतेच शक्य असते. प्रश्नावलीत कर्जाविषयी प्रश्नच नसेल, तर कर्जाचा परिणाम कोणत्याही गणिताने वेगळा काढता येत नाही.

दिशेचा प्रश्न

दुसरे पर्यायी स्पष्टीकरण उलट्या दिशेचे असते. कदाचित ज्यांचे मन मुळात स्वस्थ आहे, तेच महिनाभराचे व्रत पार पाडू शकत असतील. एकाच वेळी आहार आणि ताण मोजणाऱ्या एककालिक पाहणीत आधी काय घडले, हे कळत नाही. कारण परिणामाच्या आधी घडले पाहिजे, ही कार्यकारणभावाची किमान अट आहे.

आहार आणि ताण यांच्या बाबतीत दोन्ही दिशा प्रत्यक्षात आढळल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न अधिक अवघड होतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांच्या नेतृत्वाखाली ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अपुऱ्या आहारावर ठेवण्यात आले होते. शरीर आणि मन दोन्ही सुदृढ असल्याची खात्री करूनच त्यांची निवड झाली होती. तरीही अन्न कमी होत गेले तसे अनेकांत चिडचिड, उदासीनता आणि सतत अन्नाचाच विचार ही लक्षणे दिसू लागली. येथे आहारातील बदल आधी आणि मनातील बदल नंतर, हा क्रम स्पष्ट होता.

उलट दिशेचा पुरावा ब्रिटनमधील शासकीय कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल-२’ या दीर्घकालीन अभ्यासातून मिळतो. याच अभ्यासावर आधारित २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, कामाचा ताण आणि पुढील पाच वर्षांतील वजनातील बदल यांचा संबंध पाहण्यात आला. ताणाखालील पुरुष कर्मचाऱ्यांपैकी जे आधीच स्थूल होते त्यांचे वजन वाढण्याचा, तर जे कृश होते त्यांचे वजन घटण्याचा कल दिसला. म्हणजे एकाच ताणाचे परिणाम व्यक्तीगणिक परस्परविरोधी असू शकतात. अशा वेळी सर्वांची सरासरी काढली तर वाढ आणि घट एकमेकींना छेदतात आणि ‘ताणाचा वजनाशी संबंध नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. सहसंबंध असला म्हणजे कारण असतेच असे नाही, तसेच सहसंबंध दिसला नाही म्हणजे कारण नाहीच, असेही म्हणता येत नाही.

कोणाला विचारले आणि काय विचारले

तिसरी अडचण नमुन्याच्या निवडीची आहे. कार्तिकाच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगा घाटावर भेटणारी व्यक्ती तीन आठवडे पहाटे उठून आणि पायऱ्या चढून-उतरून तेथवर पोहोचलेली असते. आजारपण, थकवा किंवा घरातील संकटामुळे ज्यांनी व्रत मध्येच सोडले, ते घाटावर भेटतच नाहीत. ज्यांना व्रत मानवले तेच नमुन्यात उरतात. मग निष्कर्ष व्रताच्या बाजूने झुकला तर नवल नाही.

चौथी अडचण मोजमापाची आहे. ताण मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘जाणवलेला ताण’ ही मापनश्रेणी शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली. गेल्या महिन्यात परिस्थिती आवाक्याबाहेर गेल्यासारखी किती वेळा वाटली, अशा स्वरूपाचे प्रश्न तीत असतात. हे मापन उपयुक्त असले, तरी ते व्यक्तीच्या स्वतःच्या जाणिवेवर अवलंबून असते. आहाराविषयीची माहितीही बहुधा आठवणीवर आधारलेली असते. उदास मनःस्थितीत माणसाला स्वतःचे खाणेही अधिक बेशिस्त वाटू शकते. अशा वेळी दोन उत्तरांतील संबंध हा प्रत्यक्ष वर्तनाचा नसून मनःस्थितीचा असू शकतो.

प्रश्नाची शब्दरचनाही महत्त्वाची ठरते. ‘ताण आल्यावर तुम्ही जास्त खाता का?’ या प्रश्नातच कार्यकारणभाव गृहीत धरलेला आहे. त्याला ‘होय’ असे उत्तर देणारी व्यक्ती स्वतःविषयीचे आपले मत सांगते. तिच्या ताणाची आणि खाण्याची स्वतंत्र नोंद त्यातून मिळत नाही. अशा ‘होय’ उत्तरांची टक्केवारी काढून ‘इतके टक्के लोक ताणामुळे जास्त खातात’ असे जाहीर करणे म्हणजे लोकांच्या समजुतीला शास्त्रीय निष्कर्षाचे रूप देणे होय. ताण आणि आहार यांची दररोज स्वतंत्र नोंद ठेवणे, हा त्याहून विश्वसनीय मार्ग आहे.

कल्पवासींचा अभ्यास

पंचगंगा घाटावरील कल्पित पाहणीला जवळचे असे एक प्रत्यक्ष उदाहरण गंगेच्याच काठी, प्रयागराज येथे सापडते. तेथील माघ मेळ्यात कल्पवासी महिनाभर संगमाच्या वाळूवर राहतात, थंडीत पहाटे स्नान करतात आणि परंपरेनुसार एकभुक्त राहतात. भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी या कल्पवासींचा एक अभ्यास केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४१६ कल्पवासी आणि मेळ्याला न गेलेल्या १२७ व्यक्ती यांची मेळ्यापूर्वी व मेळ्यानंतर अशी दोनदा पाहणी करण्यात आली. न गेलेल्यांच्या तुलनेत कल्पवासींच्या स्वतः सांगितलेल्या स्वास्थ्यात सुधारणा दिसून आली.

या अभ्यासाची रचना एककालिक पाहणीपेक्षा दोन बाबतींत सरस आहे. प्रत्येक व्यक्तीची आधीची स्थिती माहीत असल्याने तिची तुलना तिच्याशीच करता येते, त्यामुळे वय किंवा स्वभाव यांसारख्या न बदलणाऱ्या घटकांचा प्रभाव बराच कमी होतो. शिवाय, न गेलेल्यांचा तुलना गट असल्याने ऋतुमानाचा प्रभावही ओळखता येतो. थंडी ओसरल्यामुळे सर्वांनाच बरे वाटू लागले असते, तर दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली असती.

तरीही दोन मर्यादा उरतात. मेळ्याला कोणी जावे हे संशोधकांनी ठरवले नव्हते, ते लोकांनी स्वतः ठरवले होते. आणि सुधारणा मान्य केली तरी तिचे श्रेय कशाला द्यावे? एकवेळच्या जेवणाला, स्नानाला, श्रद्धेला, घरच्या विवंचनांपासून मिळालेल्या सुटकेला, की समविचारी लोकांच्या सहवासाला? हे सारे घटक एकत्रच येतात. अभ्यासकांनी या संदर्भात सामूहिक सहभाग आणि परस्परांतील आपुलकीचे नाते यांवर भर दिला. ‘एकवेळ जेवल्याने स्वास्थ्य वाढते’ असा अर्थ या अभ्यासातून काढता येत नाही.

प्रयोगाचे बळ आणि मर्यादा

कारण शोधण्याचा सर्वांत भक्कम मार्ग म्हणजे यादृच्छिक विभागणीवर आधारित प्रयोग. कोणती व्यक्ती कोणत्या गटात जाईल हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवले जाते. त्यामुळे मोजलेले आणि न मोजलेले असे सर्वच घटक दोन्ही गटांत सरासरीने सारखे विभागले जाण्याची शक्यता वाढते. लंडनमध्ये झालेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६८ व्यक्तींपैकी काहींना जेवणानंतर भाषण द्यावे लागेल असे सांगून ताण निर्माण करण्यात आला. एकूण खाण्यात दोन गटांत विशेष फरक पडला नाही. मात्र भावनेच्या भरात खाण्याची सवय असणाऱ्यांनी ताणाखाली गोड व स्निग्ध पदार्थ अधिक खाल्ले.

अशा प्रयोगाचा निष्कर्ष कारणाबाबत भक्कम असतो, पण त्याची व्याप्ती मर्यादित असते. काही मिनिटांच्या भाषणाची धास्ती आणि वर्षानुवर्षांची बेरोजगारी यांना एकच ‘ताण’ म्हणणे धाडसाचे ठरेल. याउलट पाहणीत खरे आयुष्य असते, पण कारण धूसर असते. म्हणून दोन्ही प्रकारचे पुरावे एकमेकांना पूरक म्हणून वाचावे लागतात.

केवळ पाहणीवर विसंबण्याचा धोका आहारशास्त्राने अनुभवला आहे. बीटा-कॅरोटीनयुक्त भाज्या व फळे अधिक खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे अनेक निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसले होते. त्यावरून फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा कर्करोग घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला. भाज्या खाणाऱ्यांच्या आरोग्याचे रहस्य त्या एका घटकात नव्हते.

पाहणीवरून कारण केव्हा मानावे?

प्रयोग नसेल तर कारण कधीच सांगता येत नाही, असा याचा अर्थ नव्हे. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध माणसांवर प्रयोग न करता प्रस्थापित झाला. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये रुग्णालयांतील रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली आणि १९५१ पासून सुमारे ४० हजार ब्रिटिश डॉक्टरांचा पाठपुरावा सुरू केला. हिल यांनी १९६५ मध्ये कारणाचा विचार करताना तपासावयाच्या नऊ बाबी मांडल्या. संबंध किती बळकट आहे, तो वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा आढळतो का, कारण आधी घडले का, मात्रा वाढली की परिणाम वाढतो का आणि शरीरशास्त्रदृष्ट्या तो संभवनीय आहे का, या त्यांपैकी प्रमुख बाबी आहेत.

वाराणसीचेच एक उदाहरण येथे उपयोगी पडते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शहरातील १०४ कुटुंबांची पाहणी झाली. नदीत स्नान, कपडे किंवा भांडी धुणे यांसारख्या वापराचा जलजन्य आजारांशी संबंध आढळला. हीदेखील पाहणीच होती. तथापि, नदीत सांडपाणी मिसळते, पाण्यात विष्ठाजन्य जिवाणू मोजता येतात आणि ते आजार कसे निर्माण करतात हे स्वतंत्रपणे माहीत आहे. त्यामुळे येथे कारणाचा निष्कर्ष बराच सबळ ठरतो. आहार आणि ताण यांच्या बाबतीत मात्र दिशा दुहेरी आहे, मोजमाप सैल आहे आणि व्यक्तिभेद मोठे आहेत. म्हणून तेथे अधिक संयम हवा.

धोरणासाठी महत्त्व

भारतात दोन्ही विषयांवरील मोठ्या पाहण्या उपलब्ध आहेत. २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-पुरुषांना विविध अन्नपदार्थ किती वेळा खाल्ले जातात, हे विचारले होते. त्याच काळात बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तिच्यात १२ राज्यांचा समावेश होता. उत्तर प्रदेश त्यांत होता, महाराष्ट्र नव्हता. या दोन पाहण्यांतील राज्यनिहाय टक्केवाऱ्या शेजारी ठेवून ‘अमुक पदार्थ खाणाऱ्या राज्यांत मानसिक विकार अधिक’ असे म्हणणे सदोष ठरेल. राज्याच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी अनुमान काढणे ही समूहस्तरीय अनुमानाची चूक होय. तो पदार्थ खाणारी व्यक्ती आणि विकारग्रस्त व्यक्ती एकच आहे, हे अशा तुलनेतून कळत नाही.

कारण चुकीचे ओळखले तर उपायही चुकतो आणि त्याची किंमत दुर्बळ घटकांना मोजावी लागते. गरिबीमुळे ताणही येतो आणि आहारही निकस होतो, अशी वस्तुस्थिती असेल, तर ‘खाण्यावर संयम ठेवा’ असे पत्रक वाटून काहीही साधणार नाही. तेथे रोजगार आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील धान्याचे वेळेवर वाटप हे उपाय अधिक नेमके ठरतील. ‘उपवासाने ताण घटतो’ असा सरसकट प्रचार झाला, तर इन्सुलिन घेणारा मधुमेही रुग्ण वैद्यकीय सल्ल्याविना उपवास करील आणि त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकेल. शहरात भाड्याच्या खोलीत राहून परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी पैशाअभावी एक वेळचे जेवण टाळत असेल, तर त्याच्या उपाशीपणालाही ‘संयम’ असे गोंडस नाव मिळेल.

समारोप

आहार आणि ताण यांविषयीचा कोणताही अहवाल वाचताना परीक्षार्थींनी काही प्रश्न क्रमाने विचारावेत. पाहणी एकदाच झाली की पुन्हा पुन्हा? आधी काय घडले? तुलना कोणाशी केली? कोण नमुन्याबाहेर राहिले? तिसरा कोणता घटक दोन्हींमागे असू शकतो? आणि मोजलेली गोष्ट वर्तन आहे की केवळ मत? उत्तर लिहितानाही शब्दांची निवड नेमकी असावी. एककालिक पाहणीच्या आधारे ‘संबंध आढळला’ असे लिहिणे योग्य आहे. ‘मुळे घडले’ असे लिहिण्यासाठी मात्र कालक्रम, तुलना आणि इतर पुरावे यांचा आधार हवा.

पंचगंगा घाटावरील वृद्धेचा अनुभव खोटा नाही. तिला शांत वाटते, हे तिच्यापुरते सत्य आहे. तिची शांतता ही जेवणाच्या संयमाची देणगी आहे, की पहाटेच्या सोबतिणींची, की दीर्घ आयुष्याने दिलेल्या समजुतीची, याचा निवाडा मात्र एका पाहणीने होत नाही. तो निवाडा होईपर्यंत तिचा अनुभव इतरांसाठी औषधोपचार म्हणून लिहून न देणे, हीच संशोधक आणि प्रशासक या दोघांचीही जबाबदारी आहे.